बुडालेल्या लाकडावरचं माझं कुल

३ जून
आजपासून रोज सहाला उठायचं. तीस सप्टेंबरला निवृत्ती, त्याआधी बुरशांचं माझं नवं कुल जाहीर झालंच पाहिजे. चियांग राईच्या ओढ्यांत बुडून कुजणाऱ्या लाकडावरच्या सहा बुरशा. सहाही जणींच्या बीजाणूंवर तेच आवरण, पाण्यात पडलं की दोऱ्यासारखं उलगडणारं. एकाच कुलातल्या आहेत, आंधळ्यालाही दिसेल. आजवर कुणाला दिसलं नाही, त्याला मी काय करू?
(आज आठला उठलो. पाऊस होता.)

८ जून
नावाचा प्रश्न. कुलाला स्वतःचं नाव स्वतः देणं शोभत नाही, दुसऱ्या कुणी सुचवावं लागतं. ओरथाई माझी पीएचडीची विद्यार्थिनी, हुशार आहे. तिच्यापुढे दोनदा सहज म्हणून गेलो की माझ्या नावावरून 'विरोटेसी' कानाला बरं लागतं. ती म्हणाली, सर, ओढ्याचं नावही छान आहे. लाजाळू पोरगी.

१३ जून, गुरुवार
गुरुपूजन. मुलं गुडघ्यांवर सरकत आली, फुलांच्या थाळ्या दिल्या. मी भाषण केलं : आकार कधी खोटं बोलत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानेही शंका काढली नाही. अशी एकवाक्यता बाहेरच्या देशांत बघायला मिळत नाही.

२ जुलै
हल्ली डीएनए जोडल्याशिवाय पेपर कुणी वाचत नाही. फॅड. असो, देऊ. एकेक बीजाणू उचलून काचेच्या बशीत मी स्वतः वाढवला. ओरथाई म्हणत होती, खिडकी लावून घेऊ या का? म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून मी हे करतोय. खिडकी उघडीच ठेवली. उकडत होतं.

२४ जुलै
रिझल्ट आला! सहाही बशांमधला डीएनए एकच, एका अक्षराचा फरक नाही. एक कुल म्हणत होतो, ही तर सख्खी भावंडं निघाली. ओरथाई म्हणाली, सर, इतकं सारखं सख्ख्या भावंडांतही नसतं. केवढं हे कौतुक! मग हळूच विचारलं, बशी सोडून थेट लाकडावरून एकदा बघू का? गरज नाही, पण हौस असेल तर कर म्हटलं.
मालिवानला सांगितलं. म्हणाली, मग आता कुलालाच सांगा भांडी घासायला. बायकोला शास्त्र कळत नाही.

९ ऑगस्ट
मी लॅबमध्ये शिरलो की बोलणं थांबतं. दबदबा. ओरथाई रोज माझ्यासाठी खाओ सोई, रश्शातल्या नूडल्स, आणते. लाकडाच्या रिझल्टचं विचारलं की मशीन बिघडलंय म्हणते.

२ सप्टेंबर
मशीन अजून बिघडलेलंच. निरोप समारंभाचा बॅनर छापायला दिला. मध्ये कुलाचा वृक्ष, खाली माझा फोटो. फोटो जरा जुना आहे, पण ओळखू येतो.
उद्यापासून नक्की सहाला.

१८ सप्टेंबर
ओरथाई आली. जमिनीकडे बघत बोलली. बशांमध्ये वाढला तो भिंतीवर येतो तसला साधा बुरा होता. खिडकीतून आला आणि सहाही बशांत वाढला. माझ्या बुरशा उगवल्याच नव्हत्या. लाकडावरून बघितलं तर सहाजणी सहा कुलांतल्या, एकीचा दुसरीशी संबंध नाही. वाहत्या पाण्यात लाकडाला चिकटायचं तर तसं आवरण लागतंच, म्हणून प्रत्येकीने आपापलं केलेलं.
मी म्हटलं, मशीन बिघडलेलं आहे ना? ती म्हणाली, हो सर, असेल. आणि रडायला लागली.
कधीपासून माहीत होतं? जुलैपासून. कुणाकुणाला? सगळ्यांना. सांगितलं का नाही? भीड वाटली, सर.
मीही थोडा रडलो. दार लावून.

३० सप्टेंबर
समारंभ झाला. बॅनर कुणी लावला नाही, मीही विचारलं नाही. हार, भाषणं, चिकट भात, सॉसेज. प्रत्येकजण म्हणत होता, सरांचं योगदान मोठं आहे. काय योगदान, ते कुणी सांगितलं नाही.
ओरथाई गाडीपर्यंत सोडायला आली. तिला विचारलं, एवढ्या वर्षांत माझं काही बरोबर होतं का गं? खरं सांग.
तिने माझ्या हातातले हार गाडीत ठेवले. म्हणाली, लाकडं तुम्ही फार छान निवडायचात, सर.
या वेळी तिने भीड ठेवली नव्हती.