बोंडातला काटा

१ एप्रिल, मंगळवार

संपलं! ‘माळावरचे एकोणीस दिवस’ चार दिवसांत वाचून काढलं. गडी शेवटी जिवंत परतला. मोडका पाय, डोक्यावर ऊन, जवळ एक चाकू आणि अर्धी काडेपेटी, एवढ्यावर! शेवटची दहा पानं वाचताना नळाखालची घागर भरून वाहत होती. पाच दिवसांनी आलेलं पाणी. तरी उठले नाही.

हे असते तर बाजेवरून विचारलं असतं, “गडी जिता हाय का अजून?” माझ्या हातात कुठलंही पुस्तक असो, ह्यांचा प्रश्न तोच. मी “हाय” म्हटलं की कूस बदलून झोपायचे. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. अजून पुस्तक मिटलं की “हाय” तोंडाशी येतं.

२ एप्रिल

पुस्तक परत केलं. वाचनालयाचे रज्जाकभाई म्हणाले, “अक्का, ये पूरा कपाट तुमीच खतम करे की!”

केलंच. बर्फात अडकलेले, बेटावर वाहून गेलेले, वाळवंटात वाट चुकलेले, सगळे वाचले मी. अक्षरं शिकले तिशीत. दुकानांच्या पाट्यांवरून, एसटीच्या बोर्डावरून, किराण्याच्या पुड्यांवरून. रज्जाकभाईंनी सुरुवातीला मला घरसंसाराच्या कादंबऱ्या दिल्या. मी म्हटलं, “ह्यात नुसतं रडत्यात. जगायला काय करत्यात ते लिहिलेलं द्या.” तेव्हापासून हे कपाट माझं.

एक मात्र खटकतं. ह्या पुस्तकांत बाई कधी हरवत नाही. तिला हरवायला वेळ कुठला!

आणखी एक. सातव्या दिवशी तो गडी निवडुंगाची लाल बोंडं तोडतो, सदऱ्याला पुसतो आणि तशीच चावून खातो. त्या रसावर जगतो. मला वाटत होतं, बोंडाच्या आत काटा असतो. बहात्तरच्या दुष्काळात आई काढून द्यायची. पण मी तेव्हा सात वर्षांची. माझ्या आठवणीचा काय भरवसा? छापणाऱ्यांनी चार जणांना विचारूनच छापलं असेल.

५ एप्रिल, शनिवार

आमची काव्या, माझ्या मल्लेशची पोरगी, नाचत घरी आली. शाळेचं शिबिर आहे सव्वीस तारखेला, होटगीच्या पुढच्या माळावर. पृथ्वीराज सर हेच पुस्तक धरून सगळं करून घेणार! पुस्तकातल्या गड्यासारखी सावली करायची, चूल मांडायची, बोंडं खायची.

“अज्जी, खरंच तशीच खातात?”

“पुस्तकात हाय न्हवं? मग खरंच की.”

म्हटलं आणि भाकरी थापायला बसले.

७ एप्रिल

काव्यानं वर्गात सांगितलं, आमच्या अज्जीनं दुष्काळात बोंडं खाल्लीत, ती म्हणाली पुस्तकातलं बरोबर आहे. सर खूश. म्हणाले, “बघा, प्रत्यक्ष पुरावा!” छाती फुगली माझी. शाळेत माझं नाव निघालं पहिल्यांदा.

८ एप्रिल, मंगळवार

आज झोप उडाली पहाटेच. शिवूला फोन लावला. धाकटा भाऊ, जेऊरला स्टेशनाजवळ राहतो.

“शिव्या, बोंडाच्या आत काटा असतो का रं?”

तिकडं रेल्वेगाडी धडधडत होती. तिच्यावरून ओरडत म्हणाला, “अक्का, माझ्या नरड्याला इचार की! तूच चारलंस न्हवं मला?”

“मी?”

“आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी भुकंनं रडाय लागलो. तू झाडाचं बोंड तोडलंस, फराकला पुसलंस आन् माझ्या तोंडात घातलंस. जीभ सुजली, नरडं सुजलं. दोन दिस पानी उतरलं न्हाई. असल्या उन्हात! आईनं तुला लई हाणलं. इसरलीस व्हय?”

विसरले नव्हते. आईच्या हातातली फोकही आठवली, कुठं लागली तेही आठवलं. पण पुस्तकात दुसरं छापलेलं बघितलं आणि माझं मीच खोडलं. बाईनं तिशीत अक्षरं शिकावीत आणि त्यांना एवढं भ्यावं! फोन ठेवताना शिवू हसत होता. मला हसू येईना. त्या शिबिराला अडतीस पोरं जाणार आहेत. माझ्या शब्दावर.

९ एप्रिल

शाळेत गेले. सर चांगले आहेत, खुर्ची दिली. पण —

“आजी, परवा तुम्हीच हो म्हणालात!”

“चुकले मी. वरची कुसळं निघाली पायजेत, आतला काटा निघाला पायजे.”

“लेखक अभ्यासू आहेत हो. पाच आवृत्त्या निघाल्यात. आणि माकडं खातातच की तशी.”

“माकडाला शाळेत घालत न्हाईत, सर. ते आईकडं बघून शिकतं.”

हसले. पण ऐकलं नाही. पालकांना पत्रकं गेलीत म्हणाले.

१० एप्रिल

मल्लेश म्हणतो, “काव्याला पाठवू नको. विषय संपला.”

कसा संपला? आपली एक काढून घ्यायची आणि बाकीच्यांनी खायचं?

१२ एप्रिल, शनिवार

उन्हाच्या आधी एसटीनं माळावर गेले. पिशवीत सांडशी, सुरी, स्टीलचा डबा. तासभर हिंडले. तिथं आता प्लॉट पडलेत, दगड रोवलेत. एका बांधाला फड्या निवडुंग सापडला, बोंडांनी लाल! त्याच्यापुढं उभी राहिले आणि एकदम रडू आलं. आईचं का ह्यांचं, मला कळलं नाही. रडून झालं, मग सांडशी काढली.

घरी आणून बसले. डोक्याला काही आठवत नव्हतं, हाताला आठवत होतं! आधी वाळूत लोळवायचं, पाल्याच्या जुडीनं घासायचं, म्हणजे बारीक कुसळं झडतात. मग विस्तवावर फिरवायचं. वरचं तोंड कापायचं. मधोमध सुरीचं टोक घालून हलक्या हातानं उचकटायचं, की चांदणीसारखा काटा निघतो. अख्खा निघाला पाहिजे.

मल्लेश दारात उभा. “आई, काय झालं तर दवाखान्यात कोण न्हेनार?”

“तूच. मोटारसायकलीत पेट्रोल हाय का बघून ये.”

खाल्लं. बिया फार, गोडी बेताची, जीभ लालभडक. तासभर बसून राहिले. काही झालं नाही. काव्या जीभ बघून ओरडली, “अज्जी, विडा खाल्लाय वाटतं!” मल्लेशनं मागून घेऊन दोन खाल्ली.

१५ एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस लिहून ठेवायलाच पाहिजे.

डबा घेऊन थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. गिरिजाबाई म्हणून आहेत, करड्या. पृथ्वीराज सरांना बोलावून घेतलं. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, दोन बोंडं ठेवली. एक झाडावरून तोडलेलं तसंच, एक भाजलेलं. भाजलेलं कापून काटा काढला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. एवढासा. पण नरड्यात रुतला तर निघणार नाही असा.

सर म्हणाले, “बरं, आत आहे. पण वरून तर गुळगुळीत दिसतं,” आणि न भाजलेलं उचललं!

“सर, नको —”

झालं. बोटांत शेकडो कुसळं. दिसत नाहीत, नुसती टोचतात. गिरिजाबाईंनी भुवया कोरायचा चिमटा काढून दिला पर्समधून. अर्धा तास मी सरांचा हात धरून खिडकीशी बसले, एकेक कुसळ उपटत. एवढा उंच माणूस, “आई गं, आई गं” करत होता.

“हे जिभेवर गेलं असतं तर?” गिरिजाबाई म्हणाल्या.

“माझ्या भावाच्या गेलं होतं. मीच घातलं होतं,” मी सांगितलं. सगळं सांगितलं. लाज वाटली, तरी सांगितलं. त्याशिवाय माझं खरं कसं मानणार?

सरांनी हात सोडवून घेतला नाही. हळूच म्हणाले, “आजी, शिबिराला याल? ते प्रकरण तुम्ही शिकवा.”

मी! शाळेची पायरी कधी शिकायला चढले नाही, आणि शिकवायला चढणार.

१६ एप्रिल

लेखकाला पत्र लिहिलं, प्रकाशकाच्या पत्त्यावर. तीनदा फाडलं. चौथ्यांदा साधं लिहिलं. तुमचं पुस्तक आवडलं, भीती बरोबर लिहिलीय, भूकही बरोबर. बोंड चुकलंय. कसं खातात ते खाली दिलंय, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा. सही केली, शांतम्मा रेवणसिद्ध. ह्यांचं नाव लिहिताना हात जरा थांबतो, तसा थांबला.

२७ एप्रिल, रविवार

शिबिर झालं! अंग दुखतंय, आवाज बसलाय, पण लिहिल्याशिवाय पडणार नाही.

अडतीस पोरं, सगळ्यांची बोंडं सोलून झाली. एकालाही कुसळ लागलं नाही. दर पोरानं आपला काटा काढून माझ्या ताटात टाकायचा, मी बघायची, मगच खायचं, असा नियम केला. समरा म्हणून एक पोरगी आहे, ओढणी खोचून बसली आणि सगळ्यांत आधी अख्खा काटा काढला. पोरं मला ‘अज्जी सर’ म्हणत होती! कुर्डूची भाजी वाळल्या तुऱ्यावरून ओळखायला शिकवलं, दुष्काळात दळून खायचो ते बरबड्याचं बी दाखवलं. एकानं विचारलं, “एकटं अडकलं तर पहिलं काय करायचं, अज्जी?”

मी म्हटलं, “एक काम नेमून घ्यायचं. ते झालं की दुसरं. दिवस मोठा असतो रं, पण काम बारीक असतं.” हे मी पुस्तकांत वाचलं का ह्यांच्या माघारी शिकले, आता वेगळं सांगता येत नाही.

पृथ्वीराज सर लांबून बघत होते. हात खिशात!

६ मे

लेखकाचं उत्तर नाही. मोठी माणसं. असू दे.

२० मे, मंगळवार

उत्तर आलं. अक्षर वाकडंतिकडं. लिहितात, बोंड मी कधी खाल्लं नाही, माळावर पाऊलही ठेवलेलं नाही. बारा वर्षं अंथरुणाला खिळून आहे. खिडकीतून दिसतो तेवढ्या माळावर ते पुस्तक लिहिलं. तुम्ही दुष्काळात कसं निभावलं ते सांगा, त्याचं पुस्तक मी लिहितो.

दोनदा वाचलं. एवढ्याशा खिडकीतून एवढा माळ! राग उरला नाही, नमस्कार केला. मग काव्याला पाठवून पोस्टकार्ड आणवलं आणि कळवलं —

पुस्तक मी लिहीन. चुका तुम्ही काढा.