वीराचा कौल

मंगळ., ६ जाने.
पुण्याहून वारसा-अभ्यासक मंडळी रविवारी वरकुट्यास येणार, निश्चित. प्रथम भिगवणला रोहित पक्षी, तदनंतर शेजारच्या आबांच्या शेताच्या बांधावरची वीरगळ, म्हणजे रणात पडलेल्या वीराची जुनी कोरीव शिळा, भोजन, आणि आमच्या 'कृषी-पर्यटन केंद्रा'च्या दोन खोल्यांत मुक्काम. या खोल्यांत आजवर पालींखेरीज कोणी वास्तव्य केलेले नाही. सौ.चे अंतिम वचन : "ह्या पाहुण्यांचं जमलं तर ठीक. न्हायतर खोल्यांत कांदा भरायचा." आबा वीरगळीतल्या वीरास आपला मूळपुरुष मानतात. त्यांस सविनय सुचविले : पाहुणे थोर आहेत, जागा जरा नीट ठेवा.

शनि., १०
नीट ठेवली. ऑइल पेंट. वीर गुलाबी, घोडा पोपटी, अप्सरांना निळ्या चोळ्या. शतकानुशतके श्मश्रुहीन राहिलेल्या वीरास मिशाही. आबा प्रसन्न.
"पाहुणं येणार म्हणल्यावर आपुण घराला चुना मारतो का न्हाय, गुरुजी? मग वीरानंच मळकं बसायचं व्हय?"


रवि., ११
मंडळी आली. प्रमुख बाई पाषाणशिल्पांच्या अधिकारी अभ्यासक. त्यांनी वीर पाहिला. मग चष्मा पुसून पाहिला, रंग तोच. इतरांनी मिशांसह छायाचित्रे काढली. हुरडा, ठेचा यथेच्छ. मुक्काम रद्द.
निघताना बाई : "रंग निघणार असेल तर तज्ज्ञ मी पाठवते, आणि दर महिन्याला गट आणते. नाहीतर हे ठिकाण आमच्यापुरतं संपलं."

सोम., १२
आबांकडे शिष्टाई.
"रंग काढायचा का ठिवायचा, हे सांगणारा मी कोण? त्यालाच इचारू. अवसंला कौल लावू."
अर्थात वीराच्या छातीवर ओले फूल चिकटवायचे. उजवीकडे पडले तर रंग काढा, डावीकडे पडले तर ठेवा. कोणत्याही समितीहून ही पद्धत शीघ्र, असे स्वतःचे सांत्वन केले.

शुक्र., १६
सौ.ने खोल्यांतील गाद्या उन्हात टाकल्या. पाहुण्यांसाठी की कांद्यासाठी, हे विचारण्याचे धैर्य...

रवि., १८. अमावास्या.
निम्मे गाव बांधावर. कौल आहे म्हणून आबांनी पहाटेच वीरास रंगाचा आणखी एक हात दिलेला. वीर चकचकीत. फूल लावले. वाट पाहिली. फूल ओल्या रंगात रुतून बसलेले. ना उजवे, ना डावे.
"आबा, रंग ओला आहे."
"आसंल. पर त्यो इचारात हाय. घाई करू नगा."
सौ. कानाशी : "त्याचा इचार व्हईस्तवर कांदा कुठं ठिवू? तुमच्या उशाला?"
बाईंना काय कळवावे? 'प्रकरण वीरांच्या विचाराधीन'?
सायं. पुन्हा जाऊन आलो. फूल सुकले आहे. पडलेले नाही.