हलकी थाप

प्रिय भाऊजी,

कारखान्यात तुम्ही मला मॅडम म्हणता आणि घरी वहिनी. हे पत्र वहिनीचं आहे.

परवा जेवताना तुम्ही विचारलंत, "माणसं कमी करणार म्हणतात, खरं का?" मी म्हटलं, "मला काय माहीत! भाजी वाढू का?" मला माहीत होतं. तीन आठवडे यादी माझ्या खणात आहे आणि तुमचं नाव चौथं आहे. जाहीर होईपर्यंत तोंड उघडणार नाही, असं मी सही करून दिलंय.

लेबलं छापायचं तुमचं मशीन दुसऱ्या कारखान्यात जाणार, तुम्ही नाही. म्हणून तर त्याची सगळी माहिती तुमच्याकडून लिहून घेतली. नव्या भरतीसाठी हवीय, असं सांगितलं. तुम्ही मान मोडून अकरा पानं लिहिलीत. "मशीन रुसलं तर डाव्या अंगाला हलकी थाप मारावी, शिव्या देऊ नयेत." वाचून हसले, आणि मग आठवलं, थाप तर मी तुम्हाला मारली होती.

साहेब म्हणाले, "छान लिहिलंय, फक्त शेवटची ओळ काढा." मी काढणार नाही.

तुम्हाला सोमवारी सगळ्यांबरोबर कळवायचं ठरलंय. सहीचं काय व्हायचं ते होऊ दे. हे पत्र मी फाडतेय, कारण असलं काही चिठ्ठीतून सांगायचं नसतं. आत्ता जिना उतरून मशीनपाशी येतेय.

ती शेवटची ओळ तुम्हीच लिहिली होती: "काही अडलं तर हाक मारा, मी इथेच आहे."

तुमची,
वहिनी