मानलेल्या बहिणीचा दाखला

अंधेरी पूर्व, शुक्रवार

प्रिय शकु,

मंगळवारी सकाळी दूध तापवलं, पिंप भरून घेतलं, मटार सोलायला बसले आणि बँकेतून फोन आला. (मटार अजून अर्धे तसेच आहेत.) तुझा गुडघा कसा आहे, माणिकरावांची साखर आटोक्यात आहे ना, ते कळव. मी ठीक आहे. खरं सांगायचं तर ठीक नाही, संतापलेय.

जयवंत गेले त्याआधी वर्षभर त्यांना दिसत नव्हतं, मी रोज पेपर वाचून दाखवायचे. ते गेले तरी सकाळी घसा आपोआप मोकळा व्हायचा. म्हणून आम्ही इमारतीतल्या चौघीजणी अंध मुलांसाठी कॉलेजची पुस्तकं मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करतो. फुकट. पण डोक्यावरून सारखी विमानं जातात. त्या मुलांतल्या निधीची मार्चमध्ये बी.ए.ची शेवटची परीक्षा, आणि बिचारीच्या इतिहासात राजे कमी, विमानं जास्त. म्हणून बाहेरचा आवाज येणार नाही अशी खोली करायची ठरली. तुझ्या लेकाने, केयूरने इंटरनेटवर वर्गणीचं पान काढलं. त्यावर तुझं अमेरिकेचं कार्ड चालेना, तर तू पाचशे डॉलर थेट माझ्या खात्यात पाठवलेस.

ते अडकले, कारण तू परदेशी आहेस. तू, लालबागच्या चाळीत माझ्या ताटातलं पापलेट पळवणारी. पासपोर्ट बदललास ना, झालं. परदेशी माणसाकडून अशा कामाला पैसे घ्यायचे तर दिल्लीची परवानगी लागते म्हणे. सख्ख्या नातेवाइकाने घरखर्चाला पाठवले तर गोष्ट वेगळी. आणि तू नात्याच्या रकान्यात ‘बहीण’ लिहून मोकळी झालीस, कारणाच्या रकान्यात ‘अंध मुलांसाठी’.

बँकेत गेले, तर काउंटरवरची दिशा म्हणाली, मावशी, मग दोघींचे जन्मदाखले आणा ना, वडिलांचं नाव एक पाहिजे. म्हटलं, मानलेली बहीण आहे गं. तर म्हणे, मानलेली सिस्टीममध्ये नाही. मग तू मला मावशी कुठल्या सिस्टीममधून म्हणतेस, असं मी विचारलं. ती हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी एक कागद पुढे सरकवला: पाठवणारी व्यक्ती माझी कोणी लागत नाही, पैसे परत करावेत. म्हणाले, सही केली नाहीत तर पैसे ना त्यांचे ना तुमचे, लटकतील. मी म्हटलं, चष्मा विसरले. (डोळ्यांवरच होता.) आणि उठून आले.

जयवंत गेले तेव्हा तेरा दिवस तू तिकडून नुसता फोन चालू ठेवून बसायचीस, एक शब्द न बोलता. त्याचा दाखला कुठली महापालिका देते, ते त्या साहेबांनी मला सांगावं.

तुझी,
सुगंधा

ता. क. पैसे पुन्हा पाठवू नकोस. इतिहासाच्या सहाव्या आणि सातव्या प्रकरणाचे फोटो पाठवतेय. तुमच्याकडे शांतता असते म्हणतेस, तर वाचून रेकॉर्ड करून पाठव. परदेशी आवाजाला काय लागतं, तेही दिशाला विचारून घेतलं. त्याचा फॉर्म नाही म्हणाली.

ता. क. दोन. बुधवारी मी बँकेत जाऊन त्या कागदावर सही केली.