डबा नव्याने बांधायचा आहे

धरमपेठ, नागपूर
१२ फेब्रुवारी १९७९

चि. जयवंत यास,

आशीर्वाद. भाऊबीजेपासून आपण एकमेकांशी बोललेलो नाही, पण म्हणून आशीर्वादाचं टपाल थांबवावं असं काही नाही. गोपिकेला आणि मुलींनाही सांग. इथे थंडी उतरली. तुझ्या पॉवर स्टेशनची राख कमी झाली, की गोपिका अजून वाळलेले कपडे दोनदा झटकून मगच घरात घेते?

पत्राचं कारण तुझा डबा. वीस वर्षांपूर्वी माझ्या हवाईयन गिटारसाठी तू लाकडी खोक्यात व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बांधलास आणि त्याला डबा हे नाव तूच ठेवलंस. भाऊबीजेला मी एवढंच म्हटलं होतं, की याचे वरचे सूर दबलेत, जरा उघडून बघ. तू उघडलास, टॉर्च मारलास, झाकण लावलंस आणि गोपिका, तिची आई, शेजारच्या रंभाबाई, अशा सगळ्यांसमोर म्हणालास, "ताई, डबा ठणठणीत आहे. तू कान तपासून घे."

कान! जन्मभर ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी कानांवर पोट भरलं. मुंबई-कलकत्त्याच्या खरखरीतून लोकांचे नंबर अचूक उचलले. कॉन्व्हेंट शाळेत ज्या मदरनी मला पहिली गिटार हातात दिली, त्या माझ्या कानांची उदाहरणं इतर मुलींना देत. आणि तू मला एका टॉर्चच्या उजेडात बहिरी ठरवलंस. ओवाळलेल्या भावाला मी "चालता हो" म्हटलं ते शोभलं नाही, असं गोपिकेने नंतर कळवलं. ओवाळून घेऊन बहिणीला असं म्हणणं शोभलं का, ते तिने कळवलं नाही.

तू गेल्यावर मी डबा सीताबर्डीला नत्थूजींच्या दुकानात नेला. रेडिओ दुरुस्त करतात. हाताने बरे, तोंडाने फार. त्यांनी एक कंडेन्सर बदलला आणि म्हणाले, "आता पाहा बाई, आवाज कसा काचेवानी होते." घरी आणून लावला. काच नाही, घोंगडी. पुन्हा नेला. त्यांनी आणखी काही बदललं, एक वायर कापली. पुन्हा आणला, पुन्हा नेला. रिक्षावाल्याने शेवटी विचारलं, की पेटीत देव आहे का, एवढ्या फेऱ्या कशाला.

संक्रांतीला महिला मंडळाच्या हळदीकुंकवात मी वाजवलं. दरवर्षी वाजवते. या वर्षी बायका एकमेकींकडे बघत होत्या, दोघीतिघींनी पदर कानावर ओढले. मला वाटलं, वारा लागत असेल. घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, की या मंडळात संगीत कळणारं आता कुणी उरलेलं नाही.

नत्थूजी एक दिवस समजावू लागले. इथे थोडं, तिथे थोडं बदलणं वेगळं आणि सगळी सर्किट खोलून आतल्या मोकळ्या पत्र्यापासून पुन्हा बांधणं वेगळं. "आता याच्यात टोचाले जागाच नाही राहिली. मले विचाराल तर सारं काढा अन् नव्यानं बांधा." मी त्यांना फाडून खाल्लं. म्हटलं, ब्लाउज काखेत घट्ट होतो म्हणून कुणी अख्खा उसवून शिवतं का? माझ्या भावाच्या हातचे टाके आहेत त्यात, त्यांना हात लावायचा नाही. फक्त वरचे सूर वाढवा.

तुझ्या टाक्यांचं मला प्रेम आहेच. पण नाही म्हणण्याचं कारण ते नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या दुकानात होते. त्यांनी रेकॉर्ड लावून डबा सुरू केला आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. मी म्हटलं, "अजून हवं." मग बघितलं तर काउंटरवरचं गिऱ्हाईक दोन्ही कानांत बोटं घालून फुटपाथवर उतरलं होतं. समोरचा पानवाला हातवारे करून काहीतरी ओरडत होता. नत्थूजींनी डबा बंद केला. ते माझ्याशी काही बोलले. त्यांचे ओठ हललेले मला दिसले, जयवंता. बस, दिसले.

मी मान हलवली आणि डबा घेऊन घरी आले.

तुझं म्हणणं मी त्याच दिवशी खरं मानलं होतं. तुम्ही सगळे गेल्यावर मी घड्याळ कानाशी धरलं. टिकटिक आली नाही. बंद पडलं असेल म्हणून किल्ली द्यायला गेले, तर किल्ली आधीच पूर्ण भरलेली. तेव्हापासून रोज रात्री लसूण टाकून तेल गरम करायचं, दोन्ही कानांत सोडायचं, वर कापसाचे बोळे. उपाय रंभाबाईंचा. "तेल टाकत जा वं बाई, सारं मोकळं होते." मोकळं तर झालं नाहीच, दिवसेंदिवस आणखी बुजत गेलं. मी तेल वाढवलं.

आणि डबा खोलू दिला नाही तो याचसाठी. सगळं पत्र्यापासून नवं बांधूनही आवाज तसाच दबका आला असता, तर दोष द्यायला डबा उरला नसता. मग गिटारला गवसणी घालून कपाटावर ठेवायची आणि मी काय करायचं? माझ्या मागे ना संसार ना मुलं. संध्याकाळी ती एक मांडीवर असते. एक्स्चेंजमध्ये ऐकू न येणाऱ्या बाईला बोर्डावरून उठवून कागदांच्या खोलीत बसवतात. मी त्या खोलीत बसणार नव्हते.

पण ते हललेले ओठ बघितल्यावर झोप कुठली. सकाळी धंतोलीत कानाच्या डॉक्टरकडे गेले. मुलगाच तो, नुकती मिसरूड फुटल्यासारखा. मी त्याला आधीच बजावलं, की काय असेल ते सरळ सांग, गोडगोड बोलू नकोस, तसंही मला ऐकू येणार नाही. त्याने कानात बघितलं आणि हसला. मला इतका संताप आला की उठणारच होते. मग त्याने कोमट पाण्याची पिचकारी मारली आणि तबकात जे पडलं त्याचं वर्णन मी करणार नाही, तुम्ही जेवायच्या वेळी पत्र वाचता. जुना मळ, तेलाने फुगलेला. आणि उजव्या कानातून, चिमट्याने, काळा पडलेला कापसाचा आख्खा बोळा. आत सरकला असेल आणि मी त्याच्यावर दुसरा लावत राहिले असेन.

"बाई, हे कानात साठवून ठेवलं होतं का?" त्याने विचारलं, आणि तो प्रत्येक शब्द मला ऐकू आला. पंख्याची कुरकुर आली. बाहेर कंपाउंडर कुणाला तरी नंबर सोडून आत घुसल्याबद्दल झापत होता, तेही आलं. मी त्या पोरासमोर रडले. त्याला वाटलं दुखलं.

नंतर त्याने नीट तपासलं. डावा कान वरच्या सुरांना थोडा कमी आहे. हेडफोन जन्मभर त्याच कानाला होता, तो परत येणार नाही. तेवढं तुझ्या बाजूने लिहून ठेवते. उजवा उत्तम. दोन्ही मिळून गिटारला पुरतात, असं तो म्हणाला. तेल बंद.

घरी आले, लुगडंही न बदलता गिटार जोडली, पोलादी कांडी वरच्या तारेवर टेकवली आणि तुझ्या डब्याने अशी किंकाळी फोडली, की रंभाबाई कालथा हातात घेऊन धावत आल्या, "काय झालं वं बाई, कोण कापून राहिलं?" मी हसत सुटले. मंडळातल्या बायकांना बिचाऱ्यांना वारा लागत नव्हता. हे त्यांनी पूर्ण तासभर ऐकलं, वर टाळ्या वाजवल्या. त्यांच्याविषयीचं मत मी बदललं आहे.

नत्थूजींना बोलावून घेतलं. ते म्हणतात, घातलेलं एकेक काढून पाहू. मी विचारलं, तुम्ही काढलेले माझ्या भावाचे कंडेन्सर कुठे आहेत? "फेकले ना बाई." कोणत्या मापाचे होते? आठवत नाही. कापलेली वायर कुठून कुठे जात होती, त्यावर त्यांची दोन मतं आहेत. दोष त्यांचा नाही. "अजून हवं, अजून हवं" मीच म्हणत होते.

आता ठिगळं नकोत. सगळं काढून पत्र्यापासून बांधायचं, आणि ते नत्थूजींच्याने होणार नाही. त्याचा नकाशा नाही, कारण तू काढलाच नव्हतास. आपल्या व्हरांड्यात मी वरचा एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवायची, तू एक तुकडा काढून दुसरा लावायचास आणि विचारायचास, "आता?" मी नाही म्हणायची. सगळी संध्याकाळ नाही, नाही. वडील आतून म्हणाले, हिला नवराही असाच लागेल. आणि मग एकदा मी "हं" म्हटलं आणि तू तिथे टाका मारलास. तो डबा तसा झाला. तो पुन्हा तसाच होऊ शकतो, दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने नाही.

म्हणून रविवारी ये. सोल्डरिंग आयर्न आण, व्हॉल्व्ह इथेच बर्डीवर घेऊ.

मी माफी मागते आहे असं समजू नकोस. कान तपास म्हणालास ते बरोबर होतं, चारचौघांत म्हणालास ते चूक होतं, आणि मी तुला घालवून दिलं ते घाबरून. यातलं काहीही मी बदलून सांगणार नाही.

गोपिकेला आणि मुलींनाही घेऊन ये. दिवाळीत तुम्ही सगळी माझ्याशी ओरडून बोलत होतात. मला वाटायचं, पॉवर स्टेशनच्या शेजारी राहून सवय लागली. आता ओरडायचं नाही. फाटकातून साधी हाक मार. मला ऐकू येईल.

तुझी,
ताई