परक्या सायकलीला माझी साखळी

डेव्हेंटर, १६ एप्रिल

ति. फ्रौकेताईस,

सा. न. वि. वि. तुझा खोकला आणि हार्लिंगनचा समुद्रवारा, दोन्ही एव्हाना निवळले असतील असे धरून चालतो.

इकडे नदीकाठचे पॉप्लर पालवले. शनिवारी बाजाराला निघालो आणि त्यांच्याखालून जाताना चौथीच्या पुस्तकातली पॉप्लरची कविता आपोआप ओठांवर आली. पहिली दोन कडवी सुरळीत; तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीशी अडलो. ती ओळ शोधतच ब्रिंक चौकात पोहोचलो, सायकल स्टँडच्या दाटीत कुठेशी घुसवली, कुलपाची साखळी घातली, मासे घेतले, जुन्या पुस्तकांच्या गाड्याशी रेंगाळलो, मग कॉफी. सकाळ कशी सरली कळलेच नाही.

परत येऊन बघतो तर माझी साखळी माझ्या चाकातून निघून शेजारच्या लेडीज सायकलीच्या दांड्यालाही वेढा घालून बसलेली! म्हणजे तीही बिचारी बांधलेली. आपल्याकडे सगळ्याच बायकांच्या सायकली काळ्या, ही कुणाची ते काय कळणार? कॅरियरवर भाजीची पिशवी तशीच होती. मालकीण येऊन, खटपट करून, कुणाला तरी बोलवायला गेली असणार. थांबायला हवे होते गं. मी इकडेतिकडे पाहिले, कुलूप काढले आणि चोरासारखा सटकलो. घरी येईपर्यंत कान तापलेले होते. आता हसू येते, पण पुरते येत नाही.

लोभ कमी करू नकोस, या आठवड्यात तो जरा जास्तच लागेल.

तुझा धाकटा,
रेइंडर

हार्लिंगन, २० एप्रिल

चि. रेइंडर यास,

अ. उ. आ. (तेही बसक्या आवाजात, खोकला अजून मुक्कामाला आहे.)

तुझी ओळ अशी आहे: पाने नको म्हणतात, वारा ऐकत नाही. आयुष्यभर पोरांकडून पाठ करून घेतलीस आणि ऐन वेळी ती मी सांगायची! तुझे हे लहानपणापासूनचेच. आई दुधाला पाठवायची आणि तू रिकामी किटली हलवत, ढगांचे वर्णन करत परत यायचास.

बांधलीस ते एक वेळ ठीक. माझीही सायकल एकदा अशीच कुणीतरी बांधली होती. तो गृहस्थ दहा वेळा माफी मागून वर सफरचंदे देऊन गेला. पण पळालास कशाला? ती बाई कुठे निघाली असेल, तिची कोण वाट पाहत असेल, काही मनात आले का? गाव केवढेसे आहे तुमचे. चौकशी कर. फोन करू नकोस, मला त्यावर नुसती घरघर ऐकू येते. लिही.

रागावले तरी माया जिथल्या तिथे आहे.

फ्रौके

डेव्हेंटर, २८ एप्रिल

ति. ताईस,

सा. न., आणि आज जरा जास्त खाली वाकून.

चौकशी करावी लागली नाही. ती सायकल आलैदाची होती. आमची आलैदा, कुंपणापलीकडची, जिच्या हातचा सफरचंदाचा केक तू दोनदा मागून घेतला होतास.

तिच्या नवऱ्याला, बेर्टुसला, नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवले आहे हे तुला लिहिले होतेच. त्याला आता कुणाचे नाव आठवत नाही, पण दुपारचे सूप तो फक्त तिच्या हातून घेतो. ती रोज सायकलवरून फेरीबोटीला जाते आणि बारापूर्वी पलीकडे पोहोचते. त्या शनिवारी पोहोचली नाही. बेर्टुसने वाडगा लोटून दिला, रडला, दुसऱ्या दिवशीही तिच्याकडे पाठ करून बसला.

हे मला कळले तिच्या वाढदिवसाला. नेहमीसारख्या खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाच्या मांडीवर केकची बशी. तिची मुलगी मार्लीन सगळ्यांना सांगू लागली, की आईने नवीन प्रताप केला बरं का. बाजारात गेली, म्हणे कुणीतरी तिची सायकल बांधून ठेवली. चीजवाल्याला मोठी पक्कड घेऊन ओढत आणले, तर साखळी-बिखळी काही नाही! सायकल मोकळी उभी. चीजवाला म्हणाला, आजी, आता किल्ली खिशात आहे ना ते तरी बघा. सगळे हसले. ताई, मीही हसलो.

मग मार्लीनचा आवाज उतरला. बाबांचेही असेच सुरू झाले होते, म्हणाली. तिने आईची किल्ली काढून घेतली आहे आणि डॉक्टरांकडे स्मरणाची तपासणी ठरवली आहे. तोवर आलैदाने बसने जायचे. म्हणजे पुलावरून लांबचा वळसा, दोन बस. रोज ते तिला झेपत नाही. बेर्टुस एक दिवसाआड उपाशी राहतो.

आलैदा एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, की मास्तर, तुम्ही रोज पाहता मला, तुम्ही सांगा, मी तशी झालेय का? सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या तोंडात घास होता. तो गिळला आणि म्हणालो, की वय तर आपल्या सगळ्यांचेच होत चालले आहे.

तिने मान खाली घातली. मला वाटते त्या क्षणी तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला, आणि तो मीच उडवला.

काल तिच्या दाराशी रुबार्बची जुडी ठेवून आलो. बेल न वाजवता.

तुझा लोभ अजून आहे की नाही हे विचारायचाही धीर नाही.

रेइंडर

हार्लिंगन, ३० एप्रिल

रेइंडर,

आशीर्वाद नंतर.

रुबार्ब? शहाण्या बाईला वेडे ठरवलेस आणि वर भाजी पाठवतोस? पत्र वाचून माझा खोकला थांबला, इतका संताप आला.

तू घाबरलास ते मला समजते. गाव मास्तर म्हणून टोपी काढून मान देते, तो जाईल याची भीती. पण रोज सकाळी उठून ती बाई स्वतःलाच घाबरत असेल, त्यापुढे तुझा मान काय? हे पत्र खाली ठेव आणि कोट घाल. कविता म्हणत जाऊ नकोस, नाहीतर भलत्याच दाराशी पोहोचशील.

तू जाऊन आलास की माया पूर्ववत. तोवर मी ती जपून ठेवली आहे.

फ्रौके

डेव्हेंटर, ७ मे

ति. ताईस,

सा. न. वि. वि. कोट घातला. गेलो.

आलैदाने ऐकून घेतले आणि जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, की मी रोज डोळे उघडले की आधी वार आणि तारीख मोठ्याने म्हणून बघते, मास्तर. नातवंडांची नावे म्हणते. आणि तुम्ही केक खात होतात. मी माफी मागितली. ती म्हणाली, माफीचे नंतर बघू, आधी चला मार्लीनकडे, तिच्यासमोर हेच्या हेच सांगा.

सांगितले. जावई, नातवंडे, सगळ्यांसमोर. मार्लीन लाल झाली; लहानपणी गणित चुकले की व्हायची तशीच. तरी पुटपुटली, की पण आई, वयाचा विचार करता तपासणी करून घ्यायला काय हरकत आहे? आलैदाने नुसता हात पुढे केला. मार्लीनने फडताळातून किल्ली आणून त्यावर ठेवली. चीजवाल्याकडे मी आपण होऊन गेलो. तो माझा जुना विद्यार्थी. तो हसला नाही, ते जास्त लागले.

मला वाटले, संपले. पण सोमवारी सकाळी आलैदा कुंपणाशी आली. म्हणाली, की माफ केलेय अशा समजात राहू नका. पण आज सोबत या, एकटीने निघायचा धीर होत नाही. मात्र माझ्या मागून यायचे, शेजारून नाही.

ती पुढे, मी मागे. ज्या रस्त्याने ती डोळे मिटून जायची, तिथे प्रत्येक वळणाशी वेग कमी करत होती. नदीकडच्या चौकात, जिथे डावीकडे बोटीचा उतार आणि उजवीकडे पूल, ती थांबलीच. पाय टेकले. मागून घंट्या वाजू लागल्या, एक तरुण बाई चिडून वळसा घालून गेली. आलैदा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत होती. माझा डावा हात आपोआप वर येऊ लागला. तो मी हँडलवर दाबून धरला, ओठही मिटून घेतले.

मग तिने स्वतःचा डावा हात सरळ, खांद्याच्या रेषेत बाहेर काढला. शाळेत सायकल चालवण्याच्या परीक्षेसाठी मी पोरांना शिकवायचो, अगदी तसा. आणि वळली.

बोट लागलेलीच होती. ती सायकल ढकलत चढली, बोटवाल्याशी काहीतरी बोलली, तो हसला. बोट सुटली. मी काठावर उभा होतो. तिने मागे पाहिले नाही. पाहावे असे मला फार वाटले, ताई.

उद्याही बोलावले आहे.

जपून ठेवलेली माया पाठवलीस तर बरे होईल. अर्धी पाठवलीस तरी चालेल.

तुझा,
रेइंडर