पदकांची उशी

९ मार्च १९५८, रविवार

लोथार अजून जिवंत आहे आणि क्नोल उशी घेऊन आला! काळी मखमल, चारी कोपऱ्यांना चंदेरी गोंडे; पदकं टाचून शवपेटीच्या पुढे धरून न्यायची. क्नोल युद्धात लोथारच्या हाताखाली होता, आता त्सेलेमध्ये विमा विकतो. मरणाची तयारी आधी करून ठेवायची, ही धंद्याची सवय. "मेजरीणबाई, ऐनवेळी धावपळ नको," म्हणाला. आतल्या खोलीत माझे मेजर खोकत होते आणि बाहेर आम्ही त्यांच्या अंत्ययात्रेची आरास करत होतो.

माझं पीठ बाजूला सारून त्याने टेबलावर पदकं मांडली. वर मधोमध गळ्यातला क्रॉस. खाली पहिल्या वर्गाचा लोखंडी क्रॉस, मग दुसऱ्या वर्गाचा — तो पहिल्या महायुद्धातला, फ्लांडर्सच्या चिखलातला, तेव्हा लोथार जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. मग जखमेचा बिल्ला. शेवटी रशियातल्या हिवाळ्याचं पदक. त्याला लोथार 'गोठलेल्या मांसाचं पदक' म्हणायचा. त्याच्या आयुष्यातला तो एकच विनोद, पण बरा होता.

फ्लांडर्सचा क्रॉस सोडला तर सगळी नवी आहेत. गेल्या वर्षी कायदा झाला — पदकं लावा, पण नाझी चिन्हाशिवाय. लोथारने लगेच बदलून मागवली. चिन्हाच्या जागी ओकची पानं आली. छान दिसतात. जणू पहिल्यापासून पानंच होती.

११ मार्च

आज शुद्धीवर होता. म्हणाला, "उशीवर सगळी पदकं. क्रमाने. वचन दे." दिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्याकडून त्याने मागून घेतलेली ही पहिलीच गोष्ट. बाकी सगळं हुकमानेच चालायचं. माझ्याबद्दल एखादा शब्द बोलेल म्हणून बराच वेळ बसून राहिले. झोपला.

१३ मार्च

डॉक्टर मान हलवून गेले. बटाट्याचं सूप दोघांपुरतं केलं. कशाला केलं कुणास ठाऊक.

१५ मार्च, शनिवार

गेला. सकाळी, मी पडदे सारत असताना.

आता मेटाकडे जायला हवं. आमच्याकडे मृत्यू झाला की घरच्यांनी कशाला हात लावायचा नसतो. फक्त पहिल्या शेजारणीला कळवायचं. प्रेताला आंघोळ ती घालणार, गावात निरोप ती देणार, खांदा कोण देणार आणि पुढे कोण चालणार हेही तीच ठरवणार. कोण कुणाची पहिली शेजारीण हे घरांवरून ठरलेलं, माणसांवरून नाही. माझी पहिली शेजारीण मेटा हार्म्स. कुंपणापलीकडेच राहते. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो.

तेरा वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

पंचेचाळीसचा एप्रिल. इंग्रज जवळ आले होते आणि लोथारला आलर नदीवरचा पूल दोन दिवस धरून ठेवायचा होता. त्याच्याकडे माणसं उरली नव्हती, म्हणून त्याने आमच्याच शाळेतली पोरं घेतली. मेटाचा मुलगा हिनर्क सोळा वर्षांचा होता. पूल दोन दिवस राहिला. त्याबद्दल लोथारला गळ्यातला क्रॉस मिळाला, आणि मेटाला हिनर्क ढकलगाडीवरून आणून दिला. मी गेले होते तेव्हा, पहिली शेजारीण म्हणून. तिने दार उघडलं नाही.

आज दिवसभर कुंपणापर्यंत जाते आहे आणि परत येते आहे.

१६ मार्च, रविवार

गेले एकदाची. दार वाजवलं. आत पावलं आली आणि दाराशी थांबली. "लोथार गेला," मी म्हटलं. बंद दाराला सांगितलं!

चर्च सुटल्यावर म्हातारा डीर्क्स आला. पलीकडच्या घरातला, गावात खांदेकरी जमवायचं काम त्याचं. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

"थेडा, माणसं आहेत. पण ती उशी पुढे चालणार असेल तर आमच्यातला एकही खांदा देणार नाही."

"त्याची शेवटची इच्छा आहे हो."

"त्याच्या इच्छेपायी गावाने एकदा भरपूर दिलंय," म्हणाला आणि टोपी घालून गेला.

 

१७ मार्च

क्नोल आला. त्याला सगळं सोपं वाटतं. "गावकरी नाही तर नाही, मेजरीणबाई. आपली माणसं त्सेलेहून येतील. मेजरांना मेजरांसारखंच नेऊ." नेतील, सलाम ठोकतील आणि संध्याकाळच्या बसने निघून जातील. मग मी आणि ही गल्ली. गावाने न उचललेल्या माणसाची बायको म्हणून मला इथेच मरायचंय, आणि मलाही कुणी उचलणार नाही. उशी काढावी, तर दिलेलं वचन मोडतं. तेही अशा माणसाला दिलेलं, जो आता मला त्यातून मोकळं करू शकत नाही.

क्नोलला म्हटलं, उद्या सांगते.

लोथारला अजून आंघोळ घातलेली नाही. खिडकी उघडी ठेवून, कोट घालून त्याच्याजवळ बसले आहे. युद्धात तो नव्हता तेव्हासुद्धा इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान वाट बघायला कुणी होतं.

१८ मार्च, मंगळवार

मेटा आली.

मागच्या दाराने, न वाजवता. शेजारीण यायची तशीच. बाह्या वर केलेल्या, हातात बादली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गरम पाणी कुठंय?" मी दाखवलं. तिने त्याला आंघोळ घातली. दाढीसुद्धा केली.  मी नुसती टॉवेल धरून उभी होते.

मग स्वयंपाकघरात आली. तिथे क्नोल उत्तरासाठी बसलेला, आणि टेबलावर उशी. मेटाने उशीकडे पाहिलं.

"काढते मी ती," मी म्हटलं. वचन गेलं तर गेलं, असं त्या क्षणी वाटलं.

"नको. जाऊ दे पुढे. पण पूर्ण जाऊ दे."

तिने एप्रनच्या खिशातून रुमाल काढला. रुमालात दुसऱ्या वर्गाचा लोखंडी क्रॉस होता. पुलावर पहिल्या सकाळी लोथारने स्वतःच्या हाताने हिनर्कच्या छातीवर लावलेला. मेटाने आज सांगेपर्यंत हे मला माहीत नव्हतं. लोथार बोलला नाही कधी.

क्नोल खुर्चीतून उठलाच. "अहो बाई, दुसऱ्याचं पदक या उशीवर चालत नाही. त्यात याच्यावर ते चिन्ह आहे. कायद्याने बंदी आहे, कळतंय का?"

"दिला तेव्हा असाच होता," मेटा म्हणाली.

"मेजरीणबाई, तुम्ही तरी सांगा यांना."

"घरच्यांनी बोलायचं नसतं क्नोल," मी म्हटलं. "पहिली शेजारीण म्हणेल तसं."

मेटाने क्रॉस टाचला. खालच्या ओळीत नाही, वर, गळ्यातल्या क्रॉसच्या अगदी शेजारी. मग डीर्क्सला सांगायला गेली. हिनर्कचाही क्रॉस पुढे जाणार म्हटल्यावर तो खांदा द्यायला तयार झाला.

जाताना मला "थेडा, काहीतरी खाऊन घे" म्हणाली. मी दाराआड जाऊन रडले. लोथार गेल्यापासून पहिल्यांदाच रडले, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं.

१९ मार्च, बुधवार

गावाने खांदा दिला. पुढे क्नोल, उशी धरून, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती. सगळ्यांनी उशीवरचा तो जुना क्रॉस पाहिला. 

मी माती टाकली. माझ्यानंतर मेटा. तिने माती घेतलीच नाही. उशीवरचा हिनर्कचा क्रॉस काढला आणि खाली शवपेटीवर टाकला. लाकडावर वाजला. "तुमचा तुम्हाला," म्हणाली.

मग मी पुन्हा पुढे झाले. गळ्यातला क्रॉस सोडवला आणि तोही टाकला. क्नोल काहीतरी म्हणाला, मी ऐकलं नाही.

मेटाने माझा हात धरला नाही. पण घरापर्यंत माझ्या बाजूने चालली.